आपले ऑनलाइन वाचन आपणच ठरवण्यासाठी फीड-रीडर वापरणारे येथे कोणी आहे का?

वैजयंती_सांगली

नमस्कार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि माझे बरेचसे वाचन आता फोनवर किंवा संगणकावरच होते. रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रके, शेती आणि सहकार यांवर सवडीने लिहिणारे मोजके मराठी ब्लॉगलेखक, दोन-तीन इंग्रजी ब्लॉग, काही यूट्यूब वाहिन्या आणि एखाद-दुसरा पॉडकास्ट एवढाच माझ्या गरजेचा आणि आवडीचा ऐवज आहे. यांतल्या बहुतेकांना मी समाजमाध्यमांवर फॉलो करते, पण तेथे मला काय दिसावे हे माझ्या हातात नाही. ज्यांचे लेखन हवे आहे त्यांनी दोन-तीन महिन्यांनी एखादा दीर्घ लेख लिहिला, तर तो माझ्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि जे कधी मागितले नव्हते ते मात्र दिवसभर समोर येत राहते. मागच्या सत्रात सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांवरचा एक फार चांगला लेख माझ्या एका विद्यार्थिनीने मला दाखवला. तो प्रसिद्ध होऊन कित्येक आठवडे लोटले होते, आणि लेखक माझ्या यादीतलाच होता.

पूर्वी निवडक संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारे गूगल रीडर होते तेव्हा माझे सहकारी फीडविषयी बोलत असत, परंतु ती सेवा बंद झाल्यावर हा विषयच मागे पडला. आज फीड वापरणे व्यवहार्य आहे का, एखाद्या संकेतस्थळाचे फीड आहे की नाही हे कसे शोधावे, मराठी मजकूर त्यात नीट दिसतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे यातूनही न वाचलेल्या लेखांचा नवा ढीग तयार होणार नाही ना, हे मला समजून घ्यायचे आहे. मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, त्यामुळे थोडे विस्ताराने सांगितल्यास उपकार होतील.

नोंदवही

वैजयंतीताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नि:संदिग्ध होकारार्थी आहे. मी ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग सांभाळतो आणि संशोधकांना त्यांच्या विषयातले नवे लेखन वेळेवर मिळावे म्हणून रोज फीडच वापरतो.

फीड म्हणजे संकेतस्थळाने यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात ठेवलेली आपल्या ताज्या लेखांची यादी. प्रत्येक नोंदीत लेखाचे शीर्षक, दुवा, तारीख, सारांश किंवा पूर्ण मजकूर आणि त्या नोंदीची एक स्वतंत्र ओळख असते. आपला रीडर ठरावीक वेळाने ही यादी मागवतो, ओळख ताडून पाहतो आणि जे नवे असेल तेवढे आपल्यासमोर ठेवतो. मागच्या वेळेपासून काहीच बदललेले नसेल तर संकेतस्थळाचा सर्व्हर ‘बदल नाही’ एवढाच निरोप पाठवू शकतो, त्यामुळे अनेक फीड घेतली तरी डेटाचा खर्च फार होत नाही. क्रम तारखेचा असतो, निवड आपली असते आणि मधे कोणी तिसरा पक्ष काय दाखवावे, काय गाळावे हे ठरवत नाही.

या साच्याची, म्हणजे आरएसएसची, पहिली आवृत्ती नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये आपल्या पोर्टलसाठी आणली. ती घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा हे भारतात जन्मलेले आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले संगणकतज्ज्ञ होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही म्हणून मुद्दाम लिहितो. पुढे आवृत्त्यांवरून बरेच मतभेद झाले. आज मुख्यतः दोन साचे दिसतात : २००२ ची आरएसएस २.० ही आवृत्ती आणि डिसेंबर २००५ मध्ये इंटरनेटच्या मानकांत दाखल झालेला अ‍ॅटम. वाचकाला या फरकाशी काही कर्तव्य नसते, कारण सगळे रीडर दोन्ही साचे वाचतात. गूगल रीडर ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाले आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, आणि तेव्हापासून फीडच संपली असा समज पसरला. वास्तविक बंद झाला तो एक रीडर. फीड संकेतस्थळांवर होती तेथेच राहिली. पॉडकास्ट तर आजही प्रामुख्याने याच साच्यातून वितरित होतात, म्हणजे आपण पॉडकास्ट ऐकता तेव्हा नकळत फीडच वापरत असता.

आता शोधण्याविषयी. बहुतेक रीडरमध्ये संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता चिकटवला की रीडर स्वतःच फीड हुडकून काढतो, कारण पानाच्या अंतर्गत मजकुरात फीडचा पत्ता नोंदवलेला असतो. तसे झाले नाही तर पुढील खुणा उपयोगी पडतात. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्याला तिरकी रेघ देऊन इंग्रजी लिपीत ‘फीड’ हा शब्द जोडला की फीड मिळते, आणि एखाद्या वर्गाच्या किंवा लेखकाच्या पानापुढे तोच शब्द जोडला तर फक्त त्या वर्गाचे किंवा लेखकाचे फीड मिळते. ब्लॉगस्पॉटवर पत्त्यापुढे अनुक्रमे ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’ आणि ‘डिफॉल्ट’ हे शब्द तिरक्या रेघा देऊन जोडावे लागतात. द्रुपल या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवरच्या संकेतस्थळांचे फीड बहुधा मुख्य पत्त्यापुढे ‘आरएसएस डॉट एक्सएमएल’ जोडल्यावर सापडते. पुष्कळ मराठी चर्चास्थळे द्रुपलवर चालतात, म्हणून हेही लक्षात ठेवावे.

यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीचे फीड असते आणि त्यात शेवटच्या पंधरा चित्रफिती येतात. बहुतेक रीडर वाहिनीच्या साध्या पत्त्यावरूनही ते ओळखतात. आपल्या विषयासाठी तर सोय आणखी चांगली आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्धिपत्रके, अधिसूचना, भाषणे आणि प्रकाशने यांची वेगवेगळी फीड आहेत. आपल्याला भाषणे हवी असतील आणि निविदा नको असतील तर तसे निवडता येते.

मला स्वतःला फार उपयोगी पडलेली एक गोष्ट अशी, की मराठी विकिपीडियावरील प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानालाही अ‍ॅटम फीड आहे. आमच्या तालुक्यावरचा लेख मी अशा रीतीने नजरेखाली ठेवतो. त्यात कोणी लोकसंख्येचा आकडा बदलला, एखादा संदर्भ काढून टाकला किंवा चांगली भर घातली, की तो बदल शब्दागणिक माझ्यासमोर येतो.

मिलिंद_प

वर ‘नोंदवही’ यांनी मूळ गोष्ट नीट सांगितली आहे, त्यामुळे मी फक्त रीडर कोणता घ्यावा यावर लिहितो.

निवड करताना पहिला प्रश्न हा, की आपण एकाच उपकरणावर वाचणार की अनेक. संगणकावरच वाचायचे असेल तर थंडरबर्ड या विनामूल्य ईमेल-प्रणालीत फीडची सोय आहे, आणि ईमेलची सवय असलेल्या माणसाला वेगळे काही शिकावे लागत नाही. आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर हे अ‍ॅप विनामूल्य आणि मुक्तस्रोत (ज्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते असे) आहे. अँड्रॉइडवर फीडर नावाचे साधे, मुक्तस्रोत अ‍ॅप मिळते, त्यासाठी खातेही उघडावे लागत नाही. फोन आणि संगणक दोन्हीकडे वाचलेले-न वाचलेले जुळते राहावे असे वाटत असेल तर फीडली किंवा इनोरीडर यांसारखी खाते उघडून वापरायची सेवा घ्यावी. त्यांची मोफत योजना सुरुवातीला पुरते. तांत्रिक खटपटीची आवड असलेल्यांनी आपल्याच सर्व्हरवर फ्रेशआरएसएस किंवा मिनीफ्लक्स हे रीडर बसवावेत, पण ताईंना मी तो सल्ला देणार नाही.

एका गोष्टीची जाणीव मात्र असावी. खाते उघडून वापरायच्या सेवेत फीड मागवण्याचे काम ती सेवा आपल्या वतीने करते, त्यामुळे मूळ संकेतस्थळाला आपण कोण हे कळत नाही, परंतु आपण काय काय वाचतो याची संपूर्ण यादी त्या सेवेकडे असते. उपकरणावरच चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये याच्या नेमके उलट असते. ज्यांना वाचनाची खासगीपणाची बाजू महत्त्वाची वाटते त्यांनी हे तोलून पाहावे.

रीडर कोणताही घ्या, तो ओपीएमएल या साच्यातली यादी बाहेर काढून देतो का, हे पहिल्याच दिवशी तपासा. त्या एका छोट्या फाइलमध्ये आपल्या सगळ्या फीडचे पत्ते फोल्डरांसह असतात, आणि ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली की आपले सगळे बिऱ्हाड काही मिनिटांत तिकडे हलते. २०१३ साली ज्यांनी आपली यादी वेळेत उतरवून घेतली त्यांचे वाचन खंडित झाले नाही. अशी यादी आपल्याकडे असली की रीडर बंद पडला काय किंवा त्याने दर वाढवले काय, आपण अडून राहत नाही.

रेवा_फोंडा

मी वेगळे मत मांडते, आणि ते विरोधासाठी नाही.

मी काही वर्षे फीड-रीडर वापरून सोडून दिला. माझ्या यादीत जे होते ते सगळे माझ्या मताचे, माझ्या विषयाचे आणि माझ्या ओळखीच्या लेखकांचे होते. समाजमाध्यमांवर कचरा पुष्कळ येतो हे खरे, पण कोकणी नाटकांवर लिहिणारी एक तरुण लेखिका आणि पेडण्याच्या जत्रांची छायाचित्रे काढणारा एक शिक्षक मला तेथेच योगायोगाने सापडले. त्यांना मी माझ्या यादीत आधी कशी घातली असती? शिवाय दोन दिवस रीडर उघडला नाही की न वाचलेल्यांचा आकडा फुगायचा आणि वाचनाचा आनंद मिळण्याऐवजी कामाचे ओझे वाटायचे. वैजयंतीताईंनी शेवटी जी शंका विचारली आहे ती मला रास्त वाटते. तिचे उत्तर अनुभवी सभासदांनी द्यावे.

नोंदवही

रेवाताई, आपले दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्हींची उत्तरे माझ्या मते यादी कशी करावी यात आहेत.

ढिगाचे सांगतो. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांची आणि मोठ्या बातमी-संकेतस्थळांची फीड घेतो. अशा संकेतस्थळावर दिवसाला शेकड्याने बातम्या पडतात. त्यांच्या खाली महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या ब्लॉगरचा लेख गाडला जातो, म्हणजे समाजमाध्यमांवर जे घडत होते तेच आपण आपल्या हाताने पुन्हा घडवतो. माझे ठाम मत असे आहे, की फीड-रीडर हा क्वचित लिहिणाऱ्यांसाठी आहे. जो रोज दहा वेळा लिहितो त्याचे पान आपण आठवणीने उघडू शकतो, पण जो वर्षातून तीनदा लिहितो त्याच्या पानावर आपण रोज डोकावणार नाही आणि डोकवावे अशी अपेक्षाही नाही. तो लिहील तेव्हा रीडर सांगेल. समाजमाध्यमांची गणिते सतत लिहिणाऱ्याला पुढे करतात आणि असा लेखक तेथे दिसेनासा होतो. साखर कारखान्यांवरचा तो लेख ताईंना उशिरा दिसला तो बहुधा यामुळेच.

म्हणून बातम्या कागदावरच्या वर्तमानपत्रात वाचाव्यात, आणि रीडरमध्ये त्या घ्यायच्याच असतील तर एखाद्या वर्गापुरत्या किंवा एखाद्या स्तंभलेखकापुरत्या घ्याव्यात. माझ्या यादीत दीडेकशे फीड आहेत, तरी सकाळी उघडल्यावर दहा-बारा नोंदी असतात, कारण त्यांतले बहुतेक लेखक सावकाश लिहिणारे आहेत. न वाचलेल्यांचा आकडा दाखवणारी सेटिंग बहुतेक रीडरमध्ये बंद करता येते. ती बंद करावी, आणि आठवडाभर प्रवासात असल्यास परतल्यावर ‘सर्व वाचलेले’ असे खुशाल करून टाकावे. जे महत्त्वाचे होते ते कोणीतरी दुवा देऊन पुन्हा पुढे आणते.

योगायोगाने सापडणाऱ्या लेखनाची गोष्ट अधिक अवघड आहे, आणि तेथे फीड समाजमाध्यमांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही हे मान्य केले पाहिजे. तरीही मी एक करतो. ज्यांना स्वतः लिहिण्यापेक्षा इतरांचे चांगले लेख गोळा करून दुवे देण्याची हौस आहे अशा काही मंडळींची फीड मी मुद्दाम घेतली आहेत, आणि त्यांच्यात माझ्या विषयाबाहेरची माणसे अधिक आहेत. ते जे दाखवतात त्यातून नवे लेखक मिळतात. आपल्याला सापडलेल्या त्या लेखिकेचा ब्लॉग असेल तर तो कोठेही सापडलेला असो, आता तिचे फीड घ्यावे, म्हणजे ती पुन्हा हरवणार नाही.

वैजयंती_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिलिंदरावांच्या सूचनेप्रमाणे मी इनोरीडरवर खाते उघडले, रिझर्व्ह बँकेची दोन फीड, पाच ब्लॉग आणि तीन यूट्यूब वाहिन्या घातल्या, आणि पत्ते चिकटवल्याबरोबर बहुतेक फीड आपोआप सापडली. ज्या लेखकाचा लेख माझ्या नजरेतून सुटला होता त्याचे आधीचेही काही लेख समोर आले, याचा फार आनंद झाला.

मात्र तीन अडचणी आल्या. पहिली अशी, की एका ब्लॉगच्या फीडमध्ये प्रत्येक लेखाच्या दोन-तीनच ओळी येतात आणि पुढचे वाचण्यासाठी मूळ पानावर जावे लागते. दुसरी अशी, की एका जुन्या ब्लॉगवर शंभराहून अधिक लेख दिसतात, पण फीडमध्ये त्यांतले दहाच आले. तिसरी अडचण मला नीट कळलेली नाही. एका मोठ्या संकेतस्थळाच्या फीडमधून मला फक्त ऊस, दूध, कारखाने आणि बँका यांविषयीचे लेख हवे आहेत. रीडरमध्ये शब्दांची चाळणी लावण्याची सोय आहे असे वाचून मी दुसऱ्या एका विनामूल्य अ‍ॅपमध्ये ‘ऊस’, ‘दूध’, ‘कारखाना’ आणि ‘बँक’ हे शब्द घालून पाहिले. त्यातून फारच थोडे लेख आले, आणि जे यायला हवे होते ते तर आलेच नाहीत. मराठीसाठी ही सोय चालत नाही असे समजावे का?

अक्षरजुळणी

चालते, परंतु शब्द मराठीच्या चालीने द्यावे लागतात. माझे कामच मराठी मजकूर संगणकावर जुळवण्याचे आहे, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

अशी चाळणी अर्थ पाहत नाही. दिलेला अक्षरक्रम मजकुरात जसाच्या तसा आहे का, एवढेच पाहते. इंग्रजीत मूळ शब्द बहुधा तसाच राहतो, पण आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचे अंग बदलते. ‘कारखाना’ हा शब्द बातमीच्या शीर्षकात फार वेळा ‘कारखान्यांची’, ‘कारखान्याला’, ‘कारखाने’ अशा रूपांत येतो, आणि यांतल्या कोणत्याही रूपात शेवटचा ‘ना’ नाही. म्हणून ‘कारखान’ एवढाच भाग द्यावा. शेवटचा न कान्याशिवाय लिहिला की ही सगळी रूपे आणि शिवाय ‘कारखानदार’ही त्यात बसतात.

‘ऊस’ आणि ‘दूध’ यांचे दुखणे वेगळे आहे. ‘उसाचा दर’, ‘उसाला पाणी’, ‘दुधाचे अनुदान’ अशा रूपांत पहिलेच अक्षर ऱ्हस्व होते, आणि संगणकाच्या लेखी दीर्घ ऊ आणि ऱ्हस्व उ ही दोन निराळी अक्षरे आहेत. त्यामुळे ‘ऊस’ आणि ‘उसा’, तसेच ‘दूध’ आणि ‘दुध’ अशा जोड्या द्याव्यात. नुसते ‘उस’ देऊ नये, कारण मग उसळ, उसंत आणि उसनवारी यांवरचे लेखही आत येतील. ‘कर्ज’ हा शब्द घालायचा असेल तर कर्जत तालुक्याच्या बातम्याही येणार हे गृहीत धरावे, आणि वगळण्याच्या शब्दांत ‘कर्जत’ लिहावे.

‘बँक’ हा शब्द तर दोन प्रकारे टंकला जातो. कोणी ब वर चंद्रबिंदू देतात, कोणी अर्धचंद्र देऊन पुढे अनुस्वार देतात. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण आतली अक्षरे वेगळी असल्याने एक रूप दिले तर दुसरे सापडत नाही. दोन्ही रूपे प्रत्यक्ष लेखांतून कॉपी करून चाळणीत चिकटवावीत, हाताने टंकू नयेत. ‘अ‍ॅग्रो’, ‘अ‍ॅप’ अशा शब्दांतल्या पहिल्या अक्षराचीही हीच गत आहे. ‘साताऱ्यात’ किंवा ‘शेतकऱ्यांना’ यांतला अर्धा र टंकण्याच्याही एकाहून अधिक रीती आहेत, म्हणून तेथे ‘सातार’ न देता ‘साता’ आणि ‘शेतकर’ न देता ‘शेतक’ एवढ्यावर थांबणे चांगले. ‘शेतक’ने शेतकी खात्याच्या बातम्याही येतील, पण आपल्या कामात त्या चालून जाव्यात.

काही अ‍ॅप चाळणी लावताना पूर्ण शब्दच जुळवतात. त्यांत वरचा उपाय चालत नाही. अशा वेळी शब्दाचा भाग जुळवण्याची सेटिंग आहे का ते पाहावे, आणि नसेल तर दुसरे अ‍ॅप घ्यावे. जाताजाता एक सांगतो : मराठी मजकूर फीडमध्ये नीट दिसेल का ही आपली पहिली शंका आता मनात ठेवू नये. एकेकाळी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टात असत आणि तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हे दिसत. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरसंकेत-पद्धत रूढ झाल्यापासून तो प्रश्न उरलेला नाही. पत्त्यात देवनागरी शब्द असेल तर तो टक्क्यांची चिन्हे आणि आकडे यांच्या लांबलचक रांगेसारखा दिसेल, तो तसाच चिकटवावा.

मिलिंद_प

पहिल्या दोन अडचणींविषयी मी लिहितो.

फीडमध्ये दहाच लेख येणे हा वर्डप्रेसचा ठरलेला आकडा आहे. ब्लॉगस्पॉट पंचवीस देते. ब्लॉगचा मालक तो आकडा बदलू शकतो, पण वाचकालाही मागे जाता येते. वर्डप्रेसच्या फीडच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग इंग्रजीत ‘पेज्ड’ आणि बरोबरच्या चिन्हानंतर दोन हा आकडा लिहिला की त्याआधीचे दहा लेख मिळतात, तीन लिहिल्यास त्याच्याही आधीचे. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी मराठीत जोमाने लिहिणारे आणि आता थांबलेले कितीतरी ब्लॉगलेखक आहेत, त्यांचे जुने लेख मी अशाच रीतीने शांतपणे वाचले.

कधीतरी असेही होईल, की एखाद्या ब्लॉगचे सगळे जुने लेख अचानक नवे म्हणून येतील. संकेतस्थळाने आपले पत्ते बदलले आणि त्याबरोबर नोंदींची ओळखही बदलली, की रीडरला ते लेख नवे वाटतात. आपल्या बाजूने काही बिघडलेले नसते.

दोन-तीन ओळींच्या फीडवर काही रीडर ‘पूर्ण मजकूर आणा’ असे बटण देतात आणि ते मूळ पानावरून लेख उचलून दाखवते. बऱ्याचदा ते चालते, कधी जाहिरातींसह भलताच मजकूर येतो. खरा उपाय लेखकाच्या हातात आहे, म्हणून येथे लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या ब्लॉगचे फीड पूर्ण मजकुराचे ठेवावे. वर्डप्रेसमध्ये ‘वाचन’ या सेटिंगमध्ये पूर्ण मजकूर की सारांश हा पर्याय असतो, ब्लॉगस्पॉटमध्ये ‘साइट फीड’ या विभागात असतो. पानावर येणाऱ्या वाचकांची मोजदाद कमी दिसेल ही भीती मी समजू शकतो. परंतु जो माणूस आपला पत्ता शोधून, यादीत घालून, तीन महिने वाट पाहून लेख वाचतो त्याच्याइतका पक्का वाचक दुसरा कोणता मिळणार आहे? त्याला दाराशी अडवू नये असे मला मनापासून वाटते.

हिरवाचाफा

मी ब्लॉगस्पॉटवर लिहिते आणि माझ्या ब्लॉगचे फीड संक्षिप्त होते, हे मला वरचा प्रतिसाद वाचून पाहिल्यावर कळले. ते आता पूर्ण केले आहे.

माझा प्रश्न असा आहे, की पूर्वी मी फीडबर्नर, म्हणजे ब्लॉगचे फीड पुढे वाचकांकडे पोहोचवणारी सेवा, लावले होते. त्यातून ज्यांना ईमेलने लेख जात असत त्यांना ते जाणे थांबले, असे दोन वाचकांनी कळवले होते. माझ्या फीडच्या सेटिंगमध्ये अजून फीडबर्नरचा पत्ता दिसतो. तो काढून टाकावा की ठेवावा?

मिलिंद_प

फीडबर्नर २००७ पासून गूगलकडे आहे आणि त्याची ईमेल पाठवण्याची सोय गूगलने जुलै २०२१ मध्ये बंद केली, त्यामुळे वाचकांनी कळवले ते बरोबर आहे. फीड पुढे पाठवण्याचे काम मात्र चालू राहिले. आपण सेटिंगमधला तो पत्ता काढला तर नव्या वाचकांना थेट ब्लॉगस्पॉटचे फीड मिळेल, आणि मधला एक टप्पा कमी होतो म्हणून तसे करणे इष्ट आहे. परंतु ज्यांनी पूर्वी थेट फीडबर्नरचा पत्ता आपल्या रीडरमध्ये घातला आहे ते त्याच पत्त्यावरून वाचत राहतील. म्हणून फीडबर्नरच्या खात्यातले फीड पुसू नये, आणि त्याचा मूळ स्रोत ब्लॉगस्पॉटचेच फीड आहे ना, एवढे तेथे तपासून ठेवावे. ईमेलने वाचणाऱ्या वाचकांचे पत्ते त्या खात्यातून उतरवून घेता येतात का तेही एकदा पाहावे, आणि मिळाले तर त्यांना फीडचा पत्ता व एखाद्या सोप्या रीडरचे नाव कळवावे.

वैजयंती_सांगली

‘कारखान’, ‘उसा’ आणि ‘दुध’ हे भाग चाळणीत घातले, आणि ‘बँक’ची दोन्ही रूपे लेखांतून उचलून चिकटवली. आज सकाळी त्या संकेतस्थळाचे सहा लेख आले, त्यांत दुधाच्या खरेदीदरावरचे दोन माझ्या वर्गाच्या नेमके उपयोगाचे आहेत. ओपीएमएलची फाइलही उतरवून ठेवली आहे. वर्गातल्या मुलांना ती दिल्यास त्यांना माझीच यादी जशीच्या तशी मिळेल, की फीड एक-एक करून निवडता येतील, एवढे कोणी सांगावे.

नोंदवही

पुष्कळ रीडर फाइल टाकल्यावर सगळीच फीड आत घेतात, मग नको ती काढावी लागतात. म्हणून त्या यादीची विषयवार फोल्डरे करून ठेवा आणि मुलांसाठी फक्त रिझर्व्ह बँक, शेती आणि सहकार एवढीच फोल्डरे असलेली वेगळी फाइल करा. फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक फीडची एक ओळ दिसते आणि नको असलेली ओळ पूर्णपणे पुसली तरी चालते. फक्त फोल्डरची सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या ओळी जोडीने असतात, त्यांतली एकच पुसली जाऊ देऊ नका.